उद्याच्या ताटातलं

कोपरखैरणे,
शनिवार, २ ऑगस्ट

प्रिय सुचिताताईस,
लहान भावाचा नमस्कार.

इकडे सगळे ठीक. उन्नती शाळेच्या ड्रेसच्या शिलाईत बुडालेली, शिवतेजचा एक दात पडला. परवा पनवेलला डायलिसिसच्या मशीनवर त्रास झाला का? पाणी मोजून पितेस ना? भावोजी भाजी भरायला एपीएमसीत आलेत, त्यांच्याच हाती हे पत्र देतोय. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू आधी “जेवलास का रं?” विचारतेस आणि माझं पुढचं सगळं घशातच राहतं.

तर माझ्या वजनाबद्दल. हॉस्पिटलातल्या डाएटच्या सुनीती मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, एका दिवसाचं ताट बघू नका, आठवड्याचं बघा. रविवारी हळदीला जायचं असेल तर आधीचे काही दिवस थोडं थोडं कमी खा. जास्त झालंच तर पुढच्या दिवसांत थोडं थोडं वळतं करा, उपाशी मरू नका. बाई शहाणी, मी दीडशहाणा. मी नेमकं शेवटचं तेवढं उचललं. आजचं उद्यावर, उद्याचं परवावर. आणि आपल्या आगऱ्यांकडे निमित्तांना काय तोटा? हळद नसली तर बारसं, बारसं नसलं तर कुणाच्या तरी नव्या गाडीची पार्टी. माझा आठवडा कायम येत्या सोमवारी सुरू व्हायचा.

एवढं तुला ठाऊक आहे. हसत हसत मीच सांगितलंय. तूही म्हणायचीस, “जेव रं, बारीक व्हयाला आख्खा जलम परलाय.” जे सांगितलं नाही ते आता लिहितो.

मे महिन्यात माझं वजन उतरलं होतं, ताई. डॉक्टरांनी ठरवलेल्या आकड्याला किलोभर राहिलं होतं फक्त. मॅडम खूश होऊन म्हणाल्या, “आता पुढच्या तपासण्या लावू, मग ऑपरेशनची तारीख.” मी बाहेर पडलो, तुर्भ्याला ट्रकवाल्यांच्या ढाब्यावर गाडी लावली आणि भूक नसताना जेवलो. चिकन, बटर नान, वर लस्सी. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. आणि तुला फोन करून म्हणालो, “काटा हलतच नाही गं.” तू म्हणालीस, “ऱ्हाव दे रं. माज्यापायी उपाशी नको ऱ्हाऊ.”

मला भीती वाटते. पोट उघडून किडनी काढणार, मागे शिवतेज एवढासा. बायको असून उन्नती एका शब्दानं आडवी आली नाही. आली असती तर तिच्यावर ढकलून मोकळा झालो असतो. सगळ्या भावकीसमोर “ताईला माझी किडनी देतो” म्हणून मीच मोठेपणा मिरवला होता. नंतर तुला नाही म्हणायची हिंमत होईना, म्हणून खात राहिलो.

गटारीला मोऱ्याला तुझ्याकडे आलो तोही आधीचे दिवस पोट मारून. तेवढा हिशेब मात्र मला चोख जमतो. पावसाळ्यात बोटी बंद असताना तू पापलेट कुठून पैदा केलंस कोण जाणे. तुझ्या ताटात नुसता भात आणि दुधी. विचारलं तर म्हणालीस, “मना वास नको वाटतं,” आणि तुझी तुकडी माझ्या ताटात सरकवलीस. मी ती खाल्ली. वर अजून एक मागितली.

मग भावोजी मला पान खायला जेट्टीवर घेऊन गेले. माझ्याकडे न बघताच म्हणाले, “दिपेश, वासबीस काय नाय. तिनी एकवीरेला नवस केलाय. तुजं वजन उतरत नाय तवर मासली खानार नाय. डॉक्टर बोंबलतान, अंडी खा, मासली खा, अंगान ताकद नाय ऱ्हायली. पन ती ऐकल तर ना!”

मी पान थुंकून टाकलं. घरी येईपर्यंत मला माझीच किळस येत होती.

दुसऱ्याच दिवशी मॅडमना सगळं सांगितलं, ढाब्यासकट. वाटलं झापतील. त्या म्हणाल्या, “भीती वाटते हे आधी सांगायचं होतं. नाही म्हणायचा हक्क आहे तुम्हाला.” मी खूप विचार केला. मला नाही म्हणायचं नाही. भीती गेलेली नाही, पण आता भीत भीत का होईना उतरवतोय. जास्त झालं तर त्याच आठवड्यात वळतं करतो. काटा पुन्हा खाली यायला लागलाय.

एकवीरा आईला बोल लावू नकोस. ती बिचारी माझं वजन उतरवत होती आणि मी तुर्भ्याला जाऊन चढवत होतो.

नारळी पौर्णिमेला तू राखी घेऊन येणार होतीस. यायचं की नाही ते आता तू ठरव, नाही आलीस तरी माझं काही म्हणणं नाही. पण तो नवस सोड. त्याचं काय पाप लागायचं ते मला लागू दे. बोटी पुन्हा सुटल्यात, श्रावण असला तरी भावोजींना ताजं पापलेट घेऊन जायला सांगितलंय. मला शिव्या मागाहून घाल. हे पत्र ठेव आणि आधी जेव.

तुझ्या वाटचंही जेवलेला,
दिपेश