दामूची मिशी

माघ वद्य पंचमी, शके १८१०. कल्याण.

आज जेवण गेलं नाही. दामूचा ओठ डोळ्यांपुढून हलत नाही.

काल मी, दामू आणि गणपत असे आम्ही तिघं मित्र नाटकाला ठाण्याला गेलो होतो. राणीचं काम करणाऱ्या नटाचा घसा बसलेला. दामूला सगळी पदं पाठ आहेत, हे गणपतनेच कंपनीच्या मालकाला सांगितलं. मालक म्हणाला, "मग मिशी उतरवा."

दामूचा हात मिशीवर गेला. मिशी उतरवायची ती बाप गेल्यावर. त्याचे वडील नाना तर इथे धडधाकट आहेत.

"अरे, गवतासारखी उगवेल परत," गणपत म्हणाला. "नाना काय भिंग घेऊन बसणारेत?"

शेवटी दामूने न्हाव्यापुढे ओठ धरला. आणि गायला असा, की पहिल्याच पदाला मांडवातली कुजबुज थांबली. असं एक तरी वाक्य मला लिहिता येईल?

सकाळी त्याला घरी पोचवायला गेलो. नाना ओटीवर पोथी वाचत होते. त्यांनी त्या उघड्या ओठाकडे बघितलं.

"कधी गेला रे तुझा बाप?"

"नाना, मी नुसता गायलो."

नाना उठले, विहिरीवर गेले आणि नेसल्या धोतरानिशी डोक्यावर घागर ओतून घेतली. कुणी गेल्याचं कळलं की करतात, तशी आंघोळ.

दामू आता माझ्याकडेच आहे. कंपनी उद्या पुढच्या गावाला निघते. तो मघापासून ओठावरून बोट फिरवतोय आणि हळूच राणीचं पद म्हणतोय. जाऊ नकोस म्हणायला हवं. पण मी ऐकत बसलोय.