रांगेचं शेवटचं टोक

अण्णा, काही महिन्यांपूर्वी तुमचा फोटो माझ्या फौंड्रीच्या गेटवर आला होता. काठीला बांधलेला, त्याला झेंडूचा हार, आणि खाली माझेच कामगार माझ्याच नावानं मराठीत आणि कानडीत घोषणा देत बसलेले. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, तरी माझ्या विरोधात बसायची संधी काही सोडली नाहीत. मी केबिनच्या खिडकीतून बघत होतो. उद्यमबागेतल्या, या कारखान्यांच्या वसाहतीतल्या, ज्या रस्त्यानं तुम्ही आपल्या कडोली गावाहून सायकल मारत कामाला यायचात, त्याच रस्त्यावर मी हा प्लॉट मुद्दाम घेतला. 'मालक' हा शब्द तुम्ही शिवी दिल्यासारखा उच्चारायचात. तो माझ्या नावापुढे लागलेला तुम्ही डोळ्यांनी बघावा, एवढीच माझी इच्छा होती. त्याआधीच डोळे मिटलेत आणि माझा बेत फसला.

तुमच्या कंपनीतला तो लांबलेला संप मला अजून जसाच्या तसा दिसतो. गेटसमोर तीन दगडांवर पातेलं चढलेलं आहे, कामगारांची बायकापोरं ताटं घेऊन उभी आहेत, आणि मी शाळेतून थेट तिथं आलो आहे. पोटात कावळे ओरडतायत. मी पुढं घुसतो आणि तुम्ही सगळ्यांदेखत माझी मानगूट धरून मला मागं नेऊन उभं करता. "पुढाऱ्याचं पोरगं शेवटी हुबं ऱ्हातंय रं. आधी दुसऱ्यांच्या पोरांस्नी जेवू दे." लोक कौतुकानं माना डोलावतात. माझ्या ताटात येते ती पातेल्याच्या तळाची खरवड, काळी आणि कडवट. रॉकेलच्या रांगेत हेच व्हायचं. युनियननं वह्या वाटल्या तेव्हा माझ्यापर्यंत येईतो त्या संपल्या होत्या. मग तुम्ही मला रशियाहून येणाऱ्या मासिकांची गुळगुळीत पानं दिलीत, कव्हरं घालायला. त्यांवर ट्रॅक्टर होते आणि हसऱ्या गुबगुबीत बाया होत्या. कव्हरं मिळाली, वह्या नव्हत्याच.

हे सगळं मी विसरलोही असतो. टूलरूमची जागा मात्र विसरलो नाही. संप मिटला तेव्हा कंपनीनं कामगारांच्या मुलांपैकी एकाला टूलरूममध्ये शिकाऊ म्हणून घ्यायचं, पुढं कायम करायचं, असं ठरलं. ती जागा प्रत्यक्ष निघाली तोवर मी शाळा संपवून आयटीआयला होतो, वर्गात पहिला. तुमच्याच कमिटीनं माझं नाव सुचवलं आणि बैठकीत तुम्हीच ते खोडलंत. पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये ज्याची बोटं गेली होती, त्या कामगाराच्या मुलाला ती जागा दिलीत. घरी येऊन हातपाय धुऊन पाटावर बसलात. आई भाकरी थापत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "त्या पोराला मार्क कमी हाईत. मग ह्यो का न्हाय?" तुम्ही म्हणालात, "ह्यो माझा हाय म्हणून न्हाय."  आईनं तव्यावरची भाकरी जळू दिली. एरवी तिनं कधी भाकरी जळू दिल्याचं मला आठवत नाही. ती जळकी भाकरी तिनं तुमच्याच ताटात वाढली आणि तुम्ही ती गुपचूप खाल्लीत. मी कोल्हापुरात शिरोलीला निघून गेलो, दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये पोत्यावर झोपलो आणि मनाशी ठरवलं की एक दिवस या माणसाला दाखवायचं.

रशिया फुटल्याची बातमी रेडिओवर आली, तेव्हा मी सुट्टीला घरी आलो होतो. तुम्ही भिंतीला टेकून बसून राहिलात, जेवला नाहीत. मी भूक नसताना दोनदा भात मागून घेतला आणि तुमच्यासमोर बसून खाल्ला. फार बरं वाटलं होतं. पुढं माझी स्वतःची भट्टी पेटली, तेव्हा तर सांगण्यासारखं आणखी साचलं. तुमचा लाल झेंडा अजून मिरवणाऱ्या चीनमधून माझ्याहून स्वस्त कास्टिंग, ओतीव माल, बाजारात येतं आणि माझ्या ऑर्डरी पळवतं. तिथं संप करायची कुणाची टाप नाही म्हणतात. जगभरच्या मालकांचा नायनाट करायला निघालेल्या तुमच्या लोकांनी शेवटी आम्हा मालकांनाही धंद्यात मागं टाकलं. हे ऐकताना तुमचं तोंड कसं झालं असतं, याची कल्पना करत मी कितीतरी दुपारी मजेत काढल्या आहेत.

तर गेटवर बसलेल्यांना युनियन हवी होती आणि जेवायला धड शेड. त्यांच्यातल्या पुढं पुढं करणाऱ्यांना कामावरून काढून घरी पाठवायचं मी ठरवून टाकलं होतं. नेमकी त्याच आठवड्यात स्वीडनची बाई आली. माझी पंपांची निम्मी कास्टिंग तिच्या कंपनीला जातात. तिच्या देशात मजुरांच्या पक्षानं वर्षानुवर्षं राज्य केलंय, तेही निवडणुका जिंकून. गाडीतून उतरल्या उतरल्या तिनं विचारलं, हार घातलेला फोटो कुणाचा? मी म्हटलं, माझ्या वडिलांचा. तिला वाटलं काही पूजा आहे. तिनं तुमच्यापुढं हात जोडले, आणि बसलेली माणसं घोषणा विसरून तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं भट्टी बघितली, वाळू बघितली आणि विचारलं, माणसं जेवतात कुठं? युनियन आहे का? नसेल तर का नाही? ती स्वतः एवढी मोठी अधिकारी, पण तिकडच्या युनियनची सभासद आहे, हेही तिनं सहज सांगितलं. असं चालणार असेल तर पुढचा माल घेणं अवघड होईल, हे मात्र अगदी गोड आवाजात. तुम्ही रशियाबरोबर संपलात असं मी धरून चाललो होतो आणि तुम्ही माझ्याच गिऱ्हाइकाच्या गाडीतून परत आलात.

दुसऱ्या दिवशी मी कामगारांना आत बोलावलं. सगळ्यांत पुढं कोण असावं? माझ्या जागेवर टूलरूममध्ये बसलेला तो, बोटं गेलेल्या कामगाराचा मुलगा. आता तिथून रिटायर होऊन युनियनची कामं करतो. तुमचा फोटो त्यानंच छातीशी धरला होता. म्हणाला, "सायेब, अण्णांमुळं माझं घर हुबं ऱ्हायलं. तुमी बी त्येंच्यामुळंच मोठं झालासा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं याला काय काय ऐकवायचं ते मी घोकून ठेवलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "ती जागा घेताना तुम्हाला काही वाटलं नाही?" तो म्हणाला, "वाटलं की. मी अण्णास्नी म्हटलो, ही जागा तुमच्या पोराची हाय. ते म्हटले, व्हय, त्येचीच हाय. म्हणून तर देता येतीया." अण्णा, हे तुम्ही त्याला सांगितलंत. मला एकदाही सांगितलं नाहीत. ती जागा माझी होती, हे एकदा माझ्या तोंडावर म्हणाला असतात, तर मी कदाचित तुमच्यासमोर दोनदा भात मागितला नसता.

युनियन मान्य केली, शेड बांधली. तुमचा फोटो तिथं लावायचाच असा त्यांचा हट्ट होता. मी एकच अट घातली, जागा मी ठरवणार. जिथून ताटं वाढतात तिथं नाही, टीव्हीजवळ नाही. रांगेच्या पार शेवटच्या टोकाला, हात धुवायच्या बेसिनशेजारी मी स्वतः खिळा ठोकला. खरकट्या पाण्याचे शिंतोडे तुमच्या काचेवर उडतात. सगळे आपापलं वाढून घेऊन जाताना तुम्ही बघत राहायचं. कसं वाटतं ते कळू दे.

हे लिहिलेलं तुमच्या फोटोमागं खोचावं असं मनात आलं होतं. पण कामावरची पोरं शनिवारी काच पुसतात, त्यांच्या हाती लागेल. त्यापेक्षा माझ्या खणात राहू दे. माफ मी केलेलं नाही, तसा गैरसमज नको. फक्त एक सांगतो. शेड झाल्यावर स्वीडनची बाई पुन्हा बघायला आली, तेव्हा तिला दाखवायला म्हणून मी दुपारी तिथं जेवायला लागलो. ती कधीच परत गेली, तरी जातोय. पोरं म्हणतात, "सायेब, पुढं या की." मला पुढं जाता येत नाही. ताट घेऊन मी तुमच्या फोटोखाली येऊन थांबतो. काल माझ्यापर्यंत येईतो भात संपला आणि खरवड आली. आचारी नवीन भात लावतो म्हणत होता. मी नको म्हटलं आणि ती गुपचूप खाल्ली.