दारावरचा पंजा

अंधेरी, मंगळवार, ऑगस्ट १९५६. संध्याकाळ.

आज दिवसभरात शेजारच्या घरात पिल्लांच्या शूचा एक थेंब नाही. शेजारच्या मार्थाबाईंनी मला दारातच सांगितलं, "माझी बाळं शहाणी झाली गो. आता दारावर पंजा मारतात नि बाहेर जातात." मी हसले. माझी बाळं म्हणे.

ऑफिसातले साहेब विलायतेला परत निघाले, तेव्हा ही डॅक्सहुंड जातीच्या कुत्र्याची दोन पिल्लं मी हट्टाने मागून घेतली. सकाळी आठला निघायचं, संध्याकाळी सहाला परत यायचं, म्हणून दिवसा ती मार्थाबाईंकडे. दुसरं काय करणार होते? पण पहाटे उठून पेपर पसरले मी, विहिरीमागे त्यांना घेऊन ताटकळले मी. आणि पंजा मारायला शिकवलं कोणी? त्यांनी.

मघाशी मी चहा पिताना त्या दोघांतल्या बंडूने दारावर पंजा मारला. एवढेसे आखूड पाय, एवढासा आवाज. मला लगेच कळलं. मी उठले नाही. मुद्दाम. उद्या मार्थाबाईंना सांगता आलं असतं ना, अजून कच्चाच आहे म्हणून.

त्याने पुन्हा पंजा मारला, माझ्याकडे बघितलं. मग तिथेच उंबऱ्याशी झालं, आणि तो कॉटखाली जाऊन बसला.

मी पुसून घेतलं. हाका मारल्या, बिस्किट दाखवलं. येईना. शेवटी मीच मार्थाबाईंना बोलावून आणलं. त्यांच्या एका हाकेला बाहेर आला.

"काय झालं गो याला?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "काही नाही. चुकला जरा."