पाणी नेण्याचा खेळ

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

स्पृहाने बनवलेला खेळ आज खेळून पाहिला. जेवायला आली ती लॅपटॉप घेऊनच. हे वामकुक्षीला गेले आणि आम्ही मायलेकी स्वयंपाकघरात बसलो.

पडद्यावर आमचंच स्वयंपाकघर. चित्रातलं, पण आमचंच — गळका नळ, खिडकीतली कढीपत्त्याची कुंडी, पोळ्यांचा हिरवा डबासुद्धा. आपल्याला फक्त दोन हात दिसतात. बाहेरून आवाज येतो, "पाणी." पेला भरायचा, दारापर्यंत न्यायचा. दारात सगळं पांढरं होतं. हॉल दिसतच नाही, नुसतं बोलणं ऐकू येतं. यांचं.

"आलीस? तहान आत्ताच गेली. जरा आधी आली असतीस तर ओळख करून दिली असती."

मग थोडं हसणं, आणि आपण परत ओट्यापाशी. पुन्हा "पाणी."

जिंकायचं कसं, मी विचारलं. "जिंकायचं नसतंच गं यात." मग गुण? गुणही नाहीत. असे प्रयोगाचे खेळ जगात पुष्कळ जण करतात म्हणे.

बराच वेळ खेळले. पेला जास्त भरला — "विहीरच उचलून आणायची होतीस." बशी विसरले — "असू दे, हातालाच बशी समजतो." सुरुवातीला हसू आलं. यांचं बोलणं आहेच तसं. मग लक्षात आलं, दर खेपेला स्वयंपाकघर थोडं लहान होतंय. खिडकी गेली. डबा गेला. शेवटी उरलं काय — ओटा, दार आणि ते दोन हात.

"कसा वाटला?"

नळ छान जमलाय, म्हटलं.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत तिने फ्रिजवर छोटासा रेकॉर्डर ठेवला होता. "घरातले आवाज हवेत," असं दोघांनाही सांगून. हे दोन दिवस आकाशवाणीवर बोलल्यासारखे बोलले, मग विसरून गेले. मीही विसरले.

१० नोव्हेंबर

आज पाणी नेताना दारात क्षणभर थांबले. पांढरं वगैरे काही झालं नाही. हे पेपर वाचत होते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

स्पृहाचा फोन. रॉटरडॅमची एक छोटी संस्था तिचा खेळ प्रकाशित करायला तयार आहे! वर्षभर मानधन देणार. म्हणजे वर्षभर फक्त स्वतःचं काम. खराडीच्या कंपनीतली नोकरी सोडल्यापासून बिचारी मोबाइलवरच्या खेळांसाठी नाणी आणि हिरे रंगवून देते. चमकणारी नाणी, फुटणारे हिरे. आता तेही आटलंय, ती चित्रं हल्ली कॉम्प्युटरच काढतो. खराडीवाले आठ डिसेंबरपासून परत घ्यायला तयार आहेत. हे जमलं नाही तर तिकडेच.

अट एकच. ज्यांचे आवाज आहेत त्यांची लेखी संमती. सात डिसेंबरपर्यंत.

दुसऱ्या कुणाचा आवाज घे की, म्हटलं. घेऊन पाहिला होता म्हणे, नाटकात काम करणाऱ्या एकाचा. "त्याचा आवाज असला की लोकांना पहिल्या वाक्यालाच राग येतो. बाबा बोलले की लोक आधी हसतात. मला ते हसणारे लोक हवेत." आणि मग, "तू विचार ना त्यांना."

बापलेकीतले सगळे निरोप आजवर मीच नेत आले.

यांना मी पहिल्यांदा ऐकलं ते एका लग्नात, पंगतीत. जिलबी वाढणाऱ्याला काहीतरी म्हणाले आणि अख्खी पंगत हसली. मी कँपातल्या कॉन्व्हेंटची. मराठीत इतकं तिरकं बोलता येतं हेच मला नवं होतं. घरी येऊन आईला सांगितलं, हा मुलगा हसवतो. तेवढ्यावर हो म्हटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

विचारलं एकदाचं.

"बघू तरी कन्येने काय दिवे लावलेत," म्हणाले आणि स्पृहाने पाठवलेला खेळ लावून बसले.

आणि हसले! डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "टायमिंग बघ माझं, टायमिंग." समोरच्या बिल्डिंगमधल्या रंगनाथरावांना बोलावून घेतलं. कॉलेजात दोघं अकाउंट्स शिकवायचे, बसायचे एकाच खोलीत. दोघं मिळून पुन्हा खेळले. रंगनाथराव म्हणाले, "गोपाळ, लेका, पेन्शनीत हिरो झालास."

स्वयंपाकघर लहान होत जातं ते दोघांनाही दिसलं नाही.

संमती तिथल्या तिथे पाठवली. "नाव मोठ्या अक्षरांत टाक म्हणावं. संवाद — स्वतःचे."

मी किती घाबरले होते. देवापुढे साखर ठेवली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बेसनाचे लाडू घेऊन स्पृहाच्या खोलीवर गेले, धनकवडीला. तिची मैत्रीण ऋचा तिथे होती. खेळातल्या आवाजांचं काम ती बघते. बुधवार पेठेतून नवे हेडफोन आणले होते. "काकू, यातून ऐका, वेगळंच वाटेल."

ऐकलं. यांचं वाक्य, मग ते हसणं. अगदी कानाशी आलं. ऋचाला म्हटलं, मालिकांमध्ये मागून घालतात तसलं हसणं कशाला घातलंस गं?

ऋचाने स्पृहाकडे पाहिलं.

"काकू, ते तुम्ही आहात."

तोंड मिटून, नाकातून, दोन लहान ठोके. शाळेत सिस्टर ॲग्नेस शिकवायच्या तसं. दात दाखवून हसू नये, रुमाल असा ओठांवर धरावा — किती मायेने शिकवायच्या, स्वतः करून दाखवायच्या. आम्ही वर्गभर मुली त्यांच्यासारखं हसायचो आणि आम्हाला आपण मोठ्या झाल्यासारखं वाटायचं.

प्रत्येक वाक्यामागे तेच. इतकं सारखं की मी म्हटलं, एकदाच घेऊन सगळीकडे लावलंयस ना?

"नाही हो काकू. प्रत्येक वेगळं आहे. वेगवेगळ्या दिवसांचं."

स्पृहा खाली बघत म्हणाली, "तुझीही संमती लागेल, आई. मला वाटलं तुला पहिल्याच दिवशी कळलं."

२० नोव्हेंबर

नाही म्हणून कळवलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

स्पृहा आली. हे बाहेर गेलेले बघूनच आली असावी. माझं हसणं काढून टाकलेला खेळ दाखवला. काही वाईट नव्हता. एक म्हातारा कुरकुरतोय, एवढंच वाटत होतं.

"लोक मध्येच उठून जातात," ती म्हणाली. "बाबांसारखं बोलणारं माणूस घरोघर असतं. ते हसणं म्हणजे खेळ आहे, आई."

मी म्हटलं, तुझ्या बाबांना लोक फार तर नावं ठेवतील. मला कुणी नावंसुद्धा ठेवणार नाही. नुसतं ऐकतील. कुठल्या कुठल्या देशांत माणसं आपापल्या खोल्यांत बसून मला ऐकतील. ते मला नाही सहन होणार.

"मी लहान असल्यापासून ऐकतेय," म्हणाली.

मी पोळ्या लाटत राहिले. तिने दोन खाल्ल्या, उभ्याने.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

फोन आला. मला वाटलं भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. "ठीक आहे आई. असू दे," एवढंच. आवाजात काहीही नाही. ना राग, ना रुसवा.

हा आवाज कुठून शिकली, ते कुणाला विचारायला नको.

१ डिसेंबर, सोमवार

स्पृहा आठ तारखेला खराडीला रुजू होते आहे. जेवताना यांना सांगितलं. यांची समजूत अशी की रॉटरडॅमवाल्यांनीच नको म्हटलं. ती दुरुस्त करायचं धाडस झालं नाही.

"वा. म्हणजे तिकडेही चोखंदळ लोक आहेत. चला, कला झाली करून, आता पोटाचं बघा म्हणावं."

आणि मी हसले.

तोंड मिटून. दोन ठोके. पहिल्यांदाच निघताना ऐकू आलं. पोटच्या पोरीचं मन मेलं, त्यावर. तेही मीच नाही म्हटल्यामुळे.

ताटावरून उठावंसं वाटत होतं. यांना भात वाढायचा होता.

५ डिसेंबर

स्पृहाने ऑफिससाठी कुर्ते घेतले, फोटो पाठवला. दोन्ही गडद निळे. छान आहेत, असं लिहिलं.

लहानपणी गणिताच्या वहीतले चौकोन एकेक करून रंगवत बसायची. त्यातून घर निघायचं, बदक निघायचं. जेवायला हाक मारली तर, "थांब, दाराला कडी राहिलीय." आणि आम्ही खरंच थांबायचो. मी तरी थांबायचे.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी यांना खरं काय ते सांगितलं. रॉटरडॅमवाल्यांनी नाही, मी नको म्हटलं. त्यात माझं हसणं आहे म्हणून.

"तुझं हसणं? कुठंय?"

खेळ लावून दिला. आवाज मोठा केला. यांनी डोळे मिटून ऐकलं — मनापासून ऐकलं, हे लिहायला हवं. पुन्हा एकदा लाव म्हणाले.

"हे होय? मला वाटलं, भांडी वाजतायत."

टोमणा नव्हता. यांना खरंच तसं वाटलं होतं.

संमतीची मुदत आजपर्यंतच. स्पृहाला कळवलं, हो. आहे तसं राहू दे.