लाभ, दोन, तीन

८ नोव्हेंबर, शनिवार

या दोन हातांनी आजवर केलेलं — भात वारवायचा पंखा, जुन्या स्कूटरच्या इंजिनावर चालतो. माडीवरची भाताची कोठी, नुसत्या फळ्यांची, खिळा एकही नाही. ओढ्यावरचा साकव. घराची सगळी दारं. बैलगाडीची चाकं, वरची लोखंडी धाव सोडून. बायकोची, फुलाची, बिनधुराची चूल (दुसऱ्या खेपेला जमली). लेकीचा, मयूरीचा, पाळणा — आता तिचं पोर त्यात झोपतं.

कुणी शिकवलं? कुणी नाही! चौथीनंतर शाळा नाही, कुठल्या मिस्त्रीच्या हाताखाली राहिलो नाही. बघितलं, केलं, चुकलं, परत केलं.

हे आज लिहायचं कारण — ट्रक हातानं करता येत नाही. निवडावा लागतो. आणि निवड माझ्या गळ्यात आलीय.

संध्याकाळी देवळात बैठक झाली. वाडीनं मिळून जुना ट्रक घ्यायचा. गेल्या वर्षी व्यापाऱ्याची लॉरी आज येते, उद्या येते करत आलीच नाही. मग उळवीच्या जत्रेच्या बैलगाड्या रस्त्याला लागल्या, रस्ता बंद. भात खळ्यावर. आणि हत्ती खळ्यात! यंदा जत्रेच्या आधी भात खानापूरच्या मिलला गेलंच पाहिजे, आपल्याच गाडीनं.

ओंकार म्हणाला, "गाडी लखूकाकानंच बघायची. दुसरं कोण ट्रकखाली डोकं घालील, तर डोकं तितंच र्‍हाईल!" सगळी हसली. मीही हसलो. पण चुकलो तर वाडीचं भात परत खळ्यावरच. हत्तींना वाट ठाऊक आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दांडेलीला जाऊन आलो. फुलाही आली, तिला बाजार करायचा होता. दलाल महेश — गळ्यात रुमाल, तोंडात गूळ.

"अण्णा, बघा तरी! गाडी न्हाई, नवरी हाय नवरी!"

दहाचाकी. निळा रंग, आरशांना गोंडे, मागं मोर. रंगाला मी भुलत नाही. आधी चॅसीला या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणून धरली — सरळ. स्प्रिंगचे पाटे मोजून पाहिले, एकही तुटलेला नाही. तेलाचं झाकण काढून इंजिन चालू ठेवलं — धूर वर येत नाही. कुळगीच्या रस्त्यानं चढावर नेला, तिसऱ्यात टाकला, गियर सुटत नाही. ब्रेक दोन्ही बाजूंनी सारखा धरतो. महेश घड्याळ बघत होता. बघू दे. जावई पण इतका तपासून घेतला नव्हता मी.

सगळं पास! विसाराची सुपारी द्यायला खिशात हात घातला तेवढ्यात फुला मागून हौद्यात चढली. वाकली. फळीला नाक लावलं. भर बाजारात!

"हिच्यातनं मासळी गेलीया."

महेश म्हणाला, "वैनी, तो डिझेलचा वास."

"डिझेल मी वळखत न्हाई व्हय? नवरीच्या हातात बांगड्या असत्यात, हिच्या पोटात बांगडे हायत! कारवारचे!"

आजूबाजूची माणसं खो खो हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, हौदा धुतला की झालं. ती म्हणाली, "इंजिनाला कान लावून बसताय, बायकूला लावा की जरा." सुपारी न देताच परतलो. येताना बसमध्ये वेगळ्या बाकांवर.

१४ नोव्हेंबर

नाकानं कधी कुणी ट्रक निवडलाय?

१६ नोव्हेंबर, रविवार

काल एकटाच परत दांडेलीला गेलो. कशाला ते फुलाला सांगितलं नाही. वाद घालण्यापेक्षा तपासून बघावं, ही माझी रीत. नवा तांदूळ फडक्यात बांधून नेला आणि हौद्याच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली ठेवला. महेश म्हणाला, "काय अण्णा, गाडीला नैवेद्य?" मी म्हटलं, व्हय, देव पावतो का बघतो. रात्र स्टँडवर काढली, आज सकाळी पुरचुंडी घेऊन आलो आणि स्वतःच भात शिजवायला ठेवला.

झाकण काढलं. कारवारचं बंदर!

फुला दारात उभी. पदर तोंडाला लावला — वासासाठी नव्हे, हसू दाबायला. मी म्हटलं, तुझं बरोबर होतं. ती म्हणाली, "भात कुत्र्याला घाला, ते तरी खूश हुईल."

सगळ्या वाडीचं भात मिलमधून परत आलं असतं. सुतळीनं चॅसी कळते. हे कळत नाही.

१७ नोव्हेंबर

फुला आहे म्हणून बरं. तोंडावर नाही म्हणणार. इथं लिहितो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

रामनगरला गेलो होतो. राजेश्वरीअक्काची गाडी बघायला. नवरा, परशुराम मिस्त्री, दोन वर्षांमागं वारला. ट्रकच्या बॉड्या बांधायचा. ही त्यानं बांधलेली शेवटची, स्वतःसाठी. अक्कानं गाडी ताडपत्रीखाली झाकून ठेवलीय. अधूनमधून ड्रायव्हर बोलावून खत-कौलं ने-आण करते. मासळी कधीच नाही — हे पहिल्यांदा विचारलं!

सहाचाकी. रंग उडालेला, डाव्या दाराला पोचा, केबिनमध्ये सीटचा स्पंज बाहेर. मोर नाही. पण बॉनेटवर हात ठेवला तर थंडगार. म्हणजे मी यायच्या आधी कुणी गरम करून ठेवली नाही. किल्ली फिरवली, एका सेलला उठली! दांडेलीच्या नवरीचं बॉनेट मी गेलो तेव्हा कोमट होतं — ते आज आठवलं. त्या दिवशी हात लावला होता, पण अर्थ लावला नाही.

पाठीवर झोपून खाली सरकलो. हौद्याच्या फळ्या मत्तीच्या लाकडाच्या, जाड. सांधे कुसवाचे, एकात एक बसवलेले, वरून पाचर मारलेली, केस जाणार नाही असे. आणि मग बघितलं. फळ्यांवर खालच्या बाजूनं पटाशीनं खुणा कोरलेल्या. दुसरीवर २. तिसरीवर ३. पहिलीवर १ नाही. पहिलीवर — लाभ.

भात मोजताना पहिल्या मापाला आपण एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. लाभ, दोन, तीन. पण हे मापाचं. फळ्यांना असं घालतो फक्त मी! पाळण्याला घातलं, कोठीला घातलं, साकवाला घातलं. माझी कल्पना. माझी खूण!

बाहेर आलो. अक्का म्हणाली, "काय ओ, साप दिसला काय?" काही नाही म्हटलं. परत येतो म्हटलं.

२२ नोव्हेंबर

माझी चोरी केलीय त्यानं! कुठं बघितलं असेल? साकव? साकवाखालून कोण जातं? झोप नीट लागली नाही.

फुला म्हणते, "म्येलेल्या माणसासंगट भांडताय. त्यो काय उत्तर द्यायला येनार हाय?"

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज रिकामी पोती घेऊन गेलो, तिथंच वाळूनं भरून घेतली. रिकामा ट्रक बघून काही कळत नाही. बैल औताला जुंपून बघायचा. हमाल पोती चढवायला लागले आणि मी मोजायला — लाभ, दोन, तीन. पडवीतून अक्कानंही सूर धरला, "चार, पाच..." आणि थांबली. माझ्याकडं बघत राहिली.

भरलेली गाडी चढावर नेऊन आणली. कण्हली नाही. पाटे सारखे बसले. पास.

चहाला बसलो. विचारणारच होतो खुणेचं, तर तीच म्हणाली, "तू नंदिगड्ड्याकडचा व्हय रे? बाजाराच्या दिवशी आमच्या शेडात, भुश्याच्या ढिगावर बसायचास? चड्डीला मागं ठिगळ?"

शेड मला आठवत होती, पण ती परशुराम मिस्त्रीची हे ठाऊक नव्हतं. बापू, माझा बाप, बाजार करीपर्यंत मी तिथं भुश्याच्या ढिगामागं दबून बसायचो. कुणी बघितलं तर हाकलतील म्हणून. कुणी कधी बघितलं नाही. चोरून घेतलेली विद्या, माझ्या डोळ्यांची कमाई — असंच आजवर मनात होतं.

अक्का हसायला लागली. "आमच्या ह्यांनी पहिल्याच दिवशी बघितलं तुला. म्हनाले, बोलवू नको, पोरगं लाजून पळंल. तू आलास की हे काम हळू करायचे. ढिगाकडं तोंड करून. बसलेला सांधा परत सोडायचे, परत बसवायचे. गिर्‍हाईक बोंबलायचं, 'मिस्त्री, आज हाताला लकवा मारलाय काय!' आनि फळी मोजताना मोठ्यांदा — लाभ! मी म्हनायचे, फळी काय भाताचं माप हाय? तर म्हनायचे, त्या पोराला भात वळखीचं हाय गं. लाकूड अजून न्हाई."

माझा चहा निवून गेला. तिनं दुसरा आणून दिला. मग बापू वारला आणि माझं रामनगरला जाणं सुटलं. "दोन-चार बाजार ढिगाकडं बघून काम केलं त्यांनी," म्हणाली. "मग म्हनाले, शिकला असंल आता."

गाडी हीच. सुपारी दिली. तिच्या पाया पडलो. ती म्हणाली, "माझ्या कशाला पडतोस?" मी हौद्याकडं बघून परत वाकलो.

२८ नोव्हेंबर

फुलाला सांगितलं सगळं. ती रडली. मग म्हणाली, "आनि तुमी चोर म्हनत हुता त्यांस्नी." मग जरा हसली, पण हळू.

१८ जानेवारी, रविवार

वाडीचं सगळं भात खानापूरला पोचलं! जत्रेच्या गाड्या अजून रस्त्याला लागायच्या आहेत. मिलवाल्यानं मूठभर घेऊन वास घेतला आणि मान डोलावली. फुला माझ्याकडं बघत होती. मी दुसरीकडं बघितलं.

हत्ती आले होते म्हणे परवा. खळी रिकामी बघून परत गेले.

ओंकारचं पोरगं संध्याकाळी हौद्याखाली लोळत होतं. "आजा, हितं १ का न्हाई?" मी खाली सरकलो. फळ्या दाखवल्या, हळू. सांध्यावरून त्याचं बोट फिरवलं.

देवा, काय काय दिलंस. आणि कुणाकुणाच्या हातानं.

२५ जानेवारी

कुळगीकडच्या एका रिसॉर्टवाल्याला आपल्या ट्रकचा लाकडी हौदा पाहिजे, त्याच्या जेवणघरात भिंतीला लावायला. वर लोखंडी हौदा बसवून देतो म्हणाला. वाडीला विचारलं, वाडी म्हणाली तू ठरव. त्याला सांगितलं, माझ्या मास्तरांच्या हातचं आहे, ते देणार नाही. नव्वद हजार देत होता.