रंग उतरवताना

सिअ‍ॅटल, ५ ऑगस्ट १९८४

ती. बाबांस,
मृणालिनीचा शि. सा. न.

घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेला तेव्हापासून तुमची पत्रं लांबलचक झाली आहेत. अनिलदादा म्हणतो, बाबा आता पूर्वीपेक्षा जास्त बोलतात. वाचताना मला हसू येतं, आणि मग येत नाही.

माझ्या प्रबंधातल्या काबुकी नटाची तुम्ही चौकशी केली होती. काबुकी म्हणजे जपान्यांचं संगीत नाटकच म्हणा. तीनशे वर्षांपूर्वी तिथेही बायकांची कामं पुरुषच करायचे. जबडा रुंद म्हणून या गृहस्थाला कुणी नायक केलं नाही, आणि जन्मभर तो दुष्टांचीच कामं करत राहिला. तो क्योटोच्या रस्त्याने निघाला की बायका पोरांना घरात ओढून घ्यायच्या. म्हातारपणी त्याचा आवाज बसला. मालक म्हणाला, आता प्रेमळ बापाची कामं कर. याने ऐकलं नाही. नुसता उभा राहून हळूहळू मान फिरवायचा आणि प्रेक्षकांकडे बघायचा. त्या वेळच्या एका चोपडीत म्हटलंय की आवाज होता तोवर लोक त्याला शिव्या द्यायचे, आवाज गेल्यावर तेवढंही धाडस होईना.

महिनाअखेर अभ्यासासाठी क्योटोला निघतेय. तुमच्या तपासणीचं काय झालं ते कळवा. दादा-वहिनींना नमस्कार, उत्तराला पापा. माया आहेच, पत्रातून पोचती करत राहा.

तुमची,
मृणालिनी


फ्रीमाँट, १५ ऑगस्ट १९८४

चि. मृणालिनीस अ. उ. आ.

तुझा जपानी आवडला. माझा जातभाईच तो. त्याचे दात स्वतःचे होते का, तेवढं बघून कळव. खलपुरुषाने ओठ किती उघडायचे हे दातांवर असतं.

अनिल आणि संध्या सकाळी फ्रीवेला लागतात ते दिवेलागणीला परततात. उत्तरा शाळेतून आली की थेट माझ्या मांडीवर. सहा वर्षांची पोर, ती मराठी बोलत नाही आणि मी काहीच बोलत नाही, म्हणून आमचं मेतकूट छान जमलंय. घशाच्या छिद्रावरचा रुमालसुद्धा तीच बदलते, दुसऱ्या कुणाचा हात मला नको वाटतो.

डॉक्टरांना पुन्हा काही दिसलंय. आता कापाकापी नको, असं मी पाटीवर लिहून दिलं. उरलेले दिवस या पोरीजवळ बसून जावेत, दुसरं मागणं नाही.

इथल्या महाराष्ट्र मंडळाचे श्रीरंग आले होते. गणेशोत्सवातल्या मुलांच्या नाटकाला राक्षस हवाय. आवाज पडद्यामागून देऊ म्हणाले. मी लिहिलं, आवाज नको. नाटक कंपनीत खलपुरुष असताना माझ्या हसण्यावर बायका कडाकडा बोटं मोडायच्या. नुसत्या डोळ्यांवर किती मोडतात ते बघू या. म्हाताऱ्याचा थिल्लरपणा म्हण, पण रागावू नकोस आणि लिहीत जा.

तुझे,
बाबा


फ्रीमाँट, १६ सप्टेंबर १९८४

चि. मृणालिनीस अ. उ. आ.

नाटक झालं. तोंडाला लावायचा सफेदा कुठून मिळणार, संध्याच्या पावडर-लिपस्टिकवर भागवलं. रंगमंचाच्या मधोमध उभा राहिलो आणि तुझ्या जपान्यासारखी मान फिरवली. हॉल चिडीचूप झाला. पुढची पोरं रडत आयांकडे पळाली. एवढं चांगलं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

पण रडणाऱ्यांत उत्तराही होती. तेव्हापासून ती माझ्या खोलीत येत नाही. मी जेवायला बसलो की ताट घेऊन उठते. अनिलने समजावलं, तर तिने सांगितलं की राक्षस खोटे असतात हे तिला ठाऊक आहे, पण हे खरे आजोबाच होते.

आवाज असता तर हाक मारली असती, गोष्ट सांगितली असती. नुसतं बघितलं तर ती जास्तच घाबरते. म्हणून मी तिच्याकडे बघणंही सोडलंय. रुमाल माझा मीच बदलतो. फार वाईट वाटतं, मृणाल. अन्नावरची वासना गेली आहे. तू तरी दुरावू नकोस.

तुझे,
बाबा


क्योटो, ३० सप्टेंबर १९८४

ती. बाबांस,
मृणालिनीचा शि. सा. न.

तुमचं पत्र वाचून दिवसभर काही सुचलं नाही. पण बाबा, मीही लहानपणी तुम्हाला रंगमंचावर बघून घरी पलंगाखाली लपले होते, विसरलात का? तेव्हा आईने काय केलं ते आठवा. दुसऱ्या दिवशी मला रंगपटात आणून तुमच्या मांडीवर बसवलं, हातात खोबरेल तेल आणि फडकं दिलं आणि म्हणाली, पूस. मी रडत रडत पुसत गेले आणि रंगाखालून तुम्ही निघालात. पुढे प्रत्येक प्रयोगाला तो माझाच मान होता.

उत्तरासमोर पुन्हा रंग लावा आणि तिला पुसू द्या. उशीर करू नका. तुमच्या जातभाईच्या दातांचा पत्ता लागलेला नाही, शोधतेय. जेवत चला, एवढं लेकीचं ऐका.

तुमची,
मृणालिनी


फ्रीमाँट, २ नोव्हेंबर १९८४

चि. मृणालिनीस संध्यावहिनीचे आशीर्वाद.

बाबा गेल्याचं यांनी तुला फोनवर सांगितलं, पण पुढचं यांना बोलवेना. तू येईपर्यंत थांबता आलं नाही, त्याचा सल धरू नकोस.

तुझं पत्र आलं तेव्हा बाबा हॉस्पिटलमध्ये होते. मी वाचून दाखवलं. त्यांनी पाटीवर लिहिलं की आता हातात आरसा धरवत नाही. उत्तराला नेलं होतं, पण ती दारातूनच परत फिरली. घरी मी तिला तुझं पत्र इंग्रजीत सांगितलं. ती ऐकत राहिली, मग तेल कुठलं म्हणून विचारलं. उद्या शाळा सुटल्यावर जाऊ म्हणाली. शाळा सुटायच्या आधीच बाबा गेले.

इथे अंत्यविधीचे लोक माणसाला सजवतात. आम्हाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे नको म्हणायचं सुचलं नाही. गालांना लाली, ओठांना रंग, वर पावडरचा थर. बाबा ओळखूच येत नव्हते. उत्तरा घाबरेल म्हणून मी तिला मागे ओढलं, तर तिने हात सोडवून घेतला आणि दप्तर उघडलं. शाळेतून परस्पर जायचं म्हणून भरलेली खोबरेल तेलाची बाटली त्यात तशीच होती.

तिथला माणूस अडवायला पुढे आला, त्याला यांनी थांबवलं. उत्तराने आधी कपाळ पुसलं, मग गाल, मग ओठ. मी मदतीला हात पुढे केला तो तिने बाजूला सारला. सगळं पुसून झाल्यावर त्यांच्या गळ्यावरचा रुमाल बदलला, आणि मला सांगितलं की आता हे आजोबा आहेत.

बाटलीत थोडं तेल उरलंय. उत्तरा तिला कुणाचा हात लागू देत नाही.

बाबांना यायची तशी पत्रं आता मला पाठवत जा. दुपारी पत्रपेटीपाशी जायची सवय या घराला लागली आहे.

तुझी,
संध्यावहिनी