वाळू न दिलेला रुमाल

आयझानच्या बाबांना,

गावात सिनेमावाले आले होते. मला विधवेचं काम दिलं. लोकरीच्या तंबूत, भिंतीकडे तोंड करून, मेलेल्या नवऱ्याचा शोक गायचा होता. ऐन वेळी सिनेमातल्या नवऱ्याचं नाव विसरले आणि तोंडून तुमचं निघालं. लग्नानंतर पहिल्यांदा घेतलं, तेही असं!

दिग्दर्शक खूश. "वहिनी, हेच ठेवू!" सासूबाई ओरडल्या, "जित्या माणसाला रडलीस गं, मेले!"

त्या दिवसापासून तुमचा फोन बंद आहे. सायबेरियातल्या तुमच्या खाणीतलं कुणी काही सांगत नाही. हे पत्र तरी पाठवू कुठे?

परवा सासूबाईंनी माझ्यासाठी विधवेने डोक्याला बांधायचा काळा रुमाल धुऊन वाळत घातला. तो वाळत आला की मी पुन्हा पाण्यात बुडवते. किती दिवस बुडवू? फोन करा. वाटेल तेवढ्या शिव्या द्या.

अजून तुमची बायकोच,
सायराकान
नारिन